कारणाचा रकाना

१० जानेवारी

वन्सं,

मायना काय घालायचा यातच माझी सकाळ गेली. तीन वर्षांत पत्राची एक ओळ न लिहिणारीनं 'प्रिय' म्हणावं तर ते तोंडदेखलं वाटतं, आणि 'आदरणीय' म्हणावं तर तुम्ही हसाल. म्हणून नुसतं वन्सं.

तुमचं पत्र परवा आलं. पाकीट माझ्या हातात देताना हे म्हणाले, "ताईचं आहे. आता तरी उत्तर दे. नाहीतर ती स्वतः येईल आणि मग आपलं दोघांचं काही खरं नाही." डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी तुमचे बंधू तुम्हाला तेवढेच भितात.

बातमी मी तीनदा वाचली. मार्चच्या वीस तारखेला परिषदेत तुम्ही निबंध वाचणार, विषय आपले चार हायड्रा, नोंदी चौदा वर्षांच्या. आणि निबंधावर दोन नावं, एक तुमचं आणि दुसरं माझं, पूर्ण, आडनावासकट. "मुंगी, ही वर्षं माझ्याइतकीच तुझी आहेत," असं तुम्ही लिहिलंत. ह्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि मग शेजारी जाऊन परत वाचलं. शाळा अर्धवट सोडलेल्या बायकोचं नाव छापून येणार म्हटल्यावर त्यांची छाती दोन बोटं फुगली आहे.

शेजारीण लगेच विचारायला आली, हायड्रा म्हणजे काय हो? मी म्हटलं, गोड्या पाण्यातला जीव. नखाएवढा, दोऱ्याच्या तुकड्यासारखा. एका टोकाला चिकटायला पाय, दुसऱ्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती सहा-सात हात. डोकं नाही, काळीज नाही. अंगावरच पिल्लू फुटतं आणि मोठं झालं की आपसूक सुटतं. म्हणाली, "आणि मरत नाही?" मी म्हटलं, "तेच तर आमच्या वन्सं बघताहेत. चार वाट्यांत चार ठेवलेत, फुटलेली पिल्लं काढून टाकायची आणि मूळचे चार म्हातारे होतात का ते बघायचं." ती म्हणाली, "त्यापेक्षा आमच्या सासूबाईंना बघा म्हणावं. ब्याण्णव पूर्ण, आणि रोज नवा हात फुटतो."

तुम्ही विचारलंत चौघं कसे आहेत. चौघं बरे आहेत.

प्रयोगशाळेच्या खिडकीतली त्यांची जागा बदललेली नाही. पाणी अजून बादलीत दोन दिवस उघडं ठेवते. आठवड्यातून दोनदा खायला पाणपिसवा, ते पाण्यातले बारीक किडे, घालते आणि अर्ध्या तासानं पाणी बदलते. कॉलेजात तुमच्यानंतर आलेल्या नव्या सरांना या सगळ्याचा कंटाळा आहे. त्यांना चार वाट्या म्हणजे खिडकीतली अडगळ वाटते. तुम्ही लावून दिलेली शिस्त आहे म्हणून कुणी हात लावत नाही.

तुमच्या तीन वर्षांपूर्वीच्या पत्राला, ते अठ्ठेचाळीस तास उबवलेल्या अंड्यांच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी आलेलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. नंतर महिन्याच्या महिन्याला आकडे तेवढे पाठवले. तुम्ही लिहिता, "मुंगी रुसली असं समजून मी गप्प बसले." रुसले नव्हते, वन्सं. कामं फार होती.

तुमची,
मुंगी


२४ जानेवारी

वन्सं,

तुमचं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. निबंधात छापायला चौघांचा फोटो हवा, प्रत्येक वाटीचा वेगळा, म्हणता. आणि परिषदेआधी मूळ वहीही हवी.

फोटो काढायला बसले. नव्या सरांचा कॅमेरा मागून आणला, सूक्ष्मदर्शकाला लावला. एक नंबरचा छान आला, हात पसरून. दोन नंबरचाही. तीन नंबरच्या वाटीपाशी आले आणि वाटी पुन्हा खिडकीत ठेवली.

वन्सं, मागच्या पत्रात मी चौघं बरे म्हटलं ते खरं नाही. तीन नंबरचा गेला. मागच्या वर्षी, जुलैच्या बारा तारखेला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही, आणि वाटी मोकळी दिसू नये म्हणून दोन नंबरचं पिल्लू तिच्यात ठेवलं. कारण कळलं नाही. तुम्ही शिकवलंत तसा कारणाचा रकाना मोकळा ठेवलाय. तुमचं वाक्य मला पाठ आहे: "कारण माहीत नसेल तर रकाना मोकळा सोड. मोकळा रकाना खोटं बोलत नाही."

तुम्ही मला या कामाला लावलंत तेव्हा मला परीक्षानळी कशी धरतात ते ठाऊक नव्हतं. भावाची बायको घरात बसून कुढते, तिला काहीतरी हातात द्या, असं तुम्ही तेव्हाच्या विभागप्रमुखांना सांगितलंत, ते मी दाराबाहेर ऐकलं होतं. मग काचा धुता धुता तुम्ही मला शिकवत गेलात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मग पोकळ चेंडू. मग तो चेंडू एका बाजूनं आत दबतो आणि दोन पदरी पिशवी होते. "हायड्रा इथेच थांबला," तुम्ही म्हणायचात. "आपण आणखी एक पदर घेतला, मधला. त्यातच स्नायू, रक्त आणि काळीज. हायड्राला तो नाही, म्हणून तो सुखी." मी विचारलं होतं, "मग आपण कशाला घेतला?" तुम्ही चहा मागितला होतात.

तिघांचे फोटो सोबत आहेत. वही शेवटपर्यंत भरून मग पाठवते.

मुंगी


८ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र उभ्यानं वाचू नका. आधी बसा.

तुमचं उत्तर मिळालं. "एक गेला तर तीन. चौदा वर्षांत चारांपैकी एकच जातो, म्हणजे आपलं म्हणणं उलट बळकट होतं," असं लिहिलंत. मोतीबिंदूचा डोळा घेऊन तीन दिवस बसून सगळी कोष्टकं पुन्हा केलीत. परिषदेला दुरुस्ती कळवलीत. आणि शेवटी लिहिलंत, "सांगितलंस हे बरं केलंस. मला हेच हवं असतं तुझ्याकडून." ते वाचल्यापासून मी ताट अर्धं टाकून उठते. हे विचारतात, काय झालं. मी म्हणते, पित्त.

तीन नंबरचा जुलैत मेला नाही. ती तारीख मी ठोकून दिली. तुम्ही त्या खोट्या तारखेवर तीन दिवस घालवलेत.

चौघंही मेले आहेत. तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, एकाच दिवशी. तुम्ही इथून गेल्याला तेव्हा सहा महिने झाले होते.

त्या आठवड्यात बुरशीचं प्रात्यक्षिक झालेलं होतं. पाव ओला करून झाकून ठेवायचा, काळी बुरशी आली की मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची. त्या खेपेला कुणीतरी झाकण उघडं टाकलं आणि बुरशी कपाटात शिरली. नमुन्यांच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांना डिंक असतो, तो तिला खाऊच. तारामाशाची चिठ्ठी गेली, गांडुळाची गेली, जळवेची अर्धी उरली. मी बरण्या उतरवल्या आणि फळ्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यानं पुसून काढल्या. मोरचूद मोजायला मापाचा ग्लास घेतला. आपल्याकडे ते ग्लास दोनच, दोन्ही सारखे, आणि त्यातला एक चौघांच्या पाण्याचा.

त्याच दिवशी अठ्ठेचाळीस तासांच्या अंड्यांचं प्रात्यक्षिक होतं. वीस अंडी उबवणपेटीतून काढून, कवचाला कात्रीनं खिडकी पाडून, मुलं यायच्या आत मांडायची होती. घाईत मी चुकीचा ग्लास उचलला आणि त्यातून चारी वाट्यांचं पाणी बदललं. मरायला मोरचुदाचा अंशही पुरतो त्यांना, ते तुम्हीच शिकवलेलं. प्रात्यक्षिक संपवून आले तर चौघांच्याही हातांना गाठी आल्या होत्या. मी पाणी बदललं, पुन्हा बदललं, आठ वेळा बदललं. कॉलेज सुटेपर्यंत वाट्यांच्या तळाशी नुसता गाळ होता.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या तळ्यावर गेले. पाण्यावरच्या पानांची खालची बाजू बघत गुडघाभर चिखलात उभी राहिले आणि चार शोधून आणले. तसेच तपकिरी, तेवढेच लांब. एक, दोन, तीन, चार. तेव्हापासून तुम्हाला जे आकडे येतात ते या चौघांचे आहेत. आकडा एकही खोटा नाही. जीव खोटे आहेत.

आधी वाटलं, पुढच्या महिन्यात सांगू. मग वाटलं, तुम्ही भेटायला आलात की तोंडावर सांगू. तुम्ही आला नाहीत आणि महिने गेले. पावावर काळं दिसतं तेव्हा बुरशी आत शिरून चार दिवस झालेले असतात, असं तुम्ही मुलांना सांगायचात. माझं तसंच झालं. मी कागदावर नुसते आकडे लिहून पाठवत राहिले, कारण आकड्यांखाली दोन ओळी लिहायला घेतल्या असत्या तर हे बाहेर पडलं असतं. तुम्हाला वाटलं मी रुसले. मी ते तसंच वाटू दिलं. चोर तो चोर, वर शिरजोर, दुसरं काय.

परिषदेला अजून चाळीस दिवस आहेत. निबंध मागे घ्या, वन्सं. माझ्यामुळे तुमची नाचक्की होऊ देऊ नका. निवृत्तीच्या तोंडावर हे तुम्हाला सांगावं लागतंय याची मला लाज वाटते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

मुंगी


२७ फेब्रुवारी

वन्सं,

सतरा दिवस तुमचं पत्र आलं नाही. मी रोज टपालवाल्याची वाट पाहिली आणि तो पुढे गेला की सुटल्यासारखं वाटून घेतलं. परवा आलं. ह्यांनी पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी ह्यांना चौघं मेल्याचं सांगून टाकलं. हे म्हणाले, "ताईला मी लहानपणी दोनदाच रडताना पाहिलंय. हे तिसऱ्यांदा असेल." आणि उठून बाहेर गेले. शेजारी मात्र गेले नाहीत.

तुमचं पत्र माझ्यासमोर आहे. त्यातलं थोडं इथे उतरवून काढते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते माझ्याच डोळ्यांपुढे राहील.

"मुंगी, पहिले दोन दिवस तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. मग नोंदी काढून बसले. चौघं अकरा वर्षं जगले आणि अकरा वर्षांत एकाचीही पिल्लं कमी झाली नाहीत, हे खरं आहे ना? तेवढंच वाचू. पुढची तीन वर्षं कापून टाकली. चौघांचा मृत्यू अपघाती, असं स्पष्ट लिहिलंय. आणि चूक तुझी एकटीची नाही. दोन सारखे ग्लास एका टेबलावर ठेवून मी निघून गेले. चिठ्ठी लावायचं मला सुचायला हवं होतं. निबंधावर तुझं नाव आहे तसंच राहील. हे मी ठरवलंय, तू त्यात बोलायचं नाहीस. वही तेवढी पाठव."

हे वाचून मी हसायला हवं होतं. ह्यांनी वाचलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बघ, ताई आहे ती." मी मात्र सबंध दिवस त्या एका शब्दापाशी अडून बसले. अपघाती.

एकोणीस नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता तुमचं पत्र आलं होतं. तुम्ही नव्या संस्थेत गेलात तेव्हा म्हणाला होतात की तिथे तुम्हाला एक मदतनीस घेता येईल आणि तुम्ही माझं नाव सुचवाल. मी सहा महिने त्या एका वाक्यावर काढले. ह्यांना बदली मागायला लावली होती. दोन ट्रंका रिकाम्या करून ठेवल्या होत्या. त्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, "तुझं जमत नाही. इथे पदवीधरच लागतात, आणि मीही फार ताणलं नाही. शिवाय चौघांना सांभाळायला तुझ्याइतकं हलक्या हाताचं कोण मिळणार? त्यांना जप." पुढे दीड पान चौघांविषयी होतं.

ते पत्र एप्रनच्या खिशात घालून मी अंड्यांना खिडक्या पाडल्या. वीसच्या वीस, एकही बलक फुटला नाही. मुलं आली. त्यांचे पदवीधर सर आले. सरांनी एक अंडं स्वतः उघडून दाखवायला घेतलं आणि फोडलं. मग मला म्हणाले, "बाई, दुसरं द्या." मी दुसरं दिलं. आतलं लाल टिंब धडधडत होतं. मुलं म्हणाली, "सर, किती सुंदर उघडलंय." सर म्हणाले, "हं."

मागच्या पत्रात मी लिहिलं की मुलं यायच्या आत घाईत ग्लास उचलला. ते खोटं आहे. पाणी मी प्रात्यक्षिक संपल्यावर बदललं. खोली रिकामी होती, दुपारचा एक वाजला होता आणि मला कुठेही जायचं नव्हतं. मोरचुदाचा ग्लास हातात घेतला तेव्हा त्याच्या तळाशी वाळलेलं निळं कडं होतं. मला ते दिसलं, वन्सं. उजेडाकडे धरून बघितलं. नळ चार पावलांवर होता आणि धुतलेला दुसरा ग्लास त्याच्याशेजारीच होता.

मला मारायचं होतं असं मी म्हणणार नाही. तेवढा विचार मी केला नाही. पण त्या घटकेला ते जगावेत असंही माझ्या मनात नव्हतं. तुम्ही त्यांना जपायला सांगितलं होतंत आणि मी निळ्या ग्लासातनं त्यांना पाणी घातलं. पहिल्या वाटीतला आक्रसून टिंबाएवढा झाला, ते बघूनही दुसरी वाटी पुढे ओढली. मग तिसरी. मग चौथी. नंतर आठ वेळा पाणी बदललं ते खरं आहे, पण ते नंतर.

तुम्ही हे ग्लासांच्या चिठ्ठ्यांवर घेऊ नका. चिठ्ठी असती तरी मी वाचून तोच ग्लास घेतला असता. तुम्ही मला तिथे नेलं नाहीत याचं वाईट मला वाटायलाच हवं होतं. तुम्हाला दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते आणि तुम्ही ते ऐकूनही घेतले असतेत. तुम्हाला बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून ज्यांना तोंड असून बोलता येत नाही त्यांच्यावर राग काढला. हे मी कुणापाशी बोललेले नाही, ह्यांच्यापाशीही नाही. हे उठून बाहेर गेले त्याआधी अर्धं सांगून झालं होतं, उरलेलं सांगायचं राहिलं.

माझं नाव छापून यावं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटतं. जानेवारीत तुमचं पत्र आलं तेव्हा मी आरशासमोर उभी राहून ते पूर्ण नाव एकदा उच्चारून पाहिलं. तुम्ही तीन वर्षं आधी दिलं असतंत तर, असंही मनात आलं. म्हणजे बघा, अजून मी तुमच्यावरच ढकलते आहे.

तुम्ही माझं नाव काढा असं मी म्हणत नाही, आणि ठेवा असंही म्हणत नाही. तुम्ही ठरवा. फक्त अपघाती हा शब्द तुमच्या तोंडून वाचला जाऊ नये. तुम्ही आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही आणि माझ्यापायी पहिली होऊ नये.

वही या पत्रासोबतच रजिस्टर टपालानं पाठवते आहे. मागचं पान उघडा, ते चौदा वर्षं कोरं होतं. आता त्यावर चार ओळी आहेत. वाटी एक, दोन, तीन, चार. तारीख चौघांची एकच. कारणाचा रकाना तुम्ही मोकळा सोडायला शिकवला होतात, पण ते कारण माहीत नसेल तेव्हा. मी चारी ठिकाणी माझं नाव लिहिलंय. मुंगी नाही, पूर्ण लिहिलंय, आडनावासकट, निबंधावर तुम्ही दिलंत अगदी तसंच.